फ्रिजला हिवताप

"अवं, याला ताप भरलाय!"

मनुबाईने फ्रिजच्या कुशीला तळहात लावला होता आणि तो तसाच ठेवून ती आतल्या घरातून ओरडत होती. बाहेर ओटीवर तिचा नवरा धर्माजी भिंतीला पाठ टेकून बसला होता. त्याने "हूं" केलं.

"हूं काय? उटा नि हात लावून बगा. चुलीवरचा तवा बरा, इतका तापलाय."

"नवीन हाय," धर्माजी म्हणाला. "व्हईल बरा."

"नव्याला ताप येत न्हाय? आपला हर्षद बारशाच्या आदी कसा फनफनला व्हता, इसरलंव?"

धर्माजीने उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हे त्याचं जन्माचं काम होतं आणि ते त्याने कधी अर्धवट सोडलं नव्हतं. माणखारात नवी सून आली की जुन्या बायका तिला या दोघांची ओळख करून देत. म्हणत, धर्माजी मंजी माठातला पानी, नि मनुबाय मंजी चुलीतला इस्तू. पानी पायजे तं ओटीवर बस, इस्तू पायजे तं मागल्या दारानं जा.

माणखार खाडीकाठचं गाव. एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा बांध. त्या बांधाच्या पोटात लाकडी फळ्यांचं एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या आणि शेतात साचलेलं पाणी खाडीत सोडायचं. भरती फिरली की फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. धर्माजीचं सारं आयुष्य त्या फळ्या उचलण्यात आणि टाकण्यात गेलं. या कामात बोलावं लागत नाही. पाणी ऐकत नाही आणि फळी उत्तर देत नाही.

बोलण्याचं काम सगळं मनुबाईकडे. शाळेत मास्तरांनी हर्षदला उन्हात उभं केलं, तेव्हा तिने जाऊन मास्तरांना त्याच उन्हात उभं केलं. एसटी फाट्यावर थांबेना, तेव्हा ती डोक्यावर भाताचा भारा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि कंडक्टर खाली उतरेपर्यंत हलली नाही. बँकेत, पंचायतीत, दवाखान्यात जिथे दार वाजवायचं असेल तिथे ती. धर्माजी तेव्हा ओटीवर. लोक म्हणायचे, देवमाणूस, नुस्ता देवमाणूस, आणि मग खालच्या आवाजात, पण बायको बघा!

तरी एक गोष्ट होती. वाडीत लग्न निघालं की याच बायकोला बोलवायला लोक दारात उभे राहायचे. मनुबाई धवलारीण होती. हळदीपासून अंतरपाटापर्यंत लग्नाचे धवले तिने गायले नाहीत तर लग्न लागलं असं कुणाला वाटत नसे. भांडताना जो आवाज कौलं हलवायचा, तोच आवाज धवला धरला की दह्यासारखा लागायचा. नवरीची आई रडायची, नवऱ्याची आई रडायची, आणि कालच मनुबाईच्या शिव्या खाल्लेली बाई तर सगळ्यांत जास्त रडायची.

तर, हा फ्रिज.

तो काही हौसेने आला नव्हता. धर्माजीला साखर होती. अलिबागच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मनुबाईला सुई टोचायला शिकवलं होतं आणि बजावलं होतं, बाटल्या गारव्यात ठेवायच्या. गारवा होता शेजारी, कल्पिताकडे. कल्पिता म्हणजे धर्माजीच्या पुतण्याची, शुभमची बायको. मधे फक्त मेंदीचं कुंपण. रोज सकाळ-संध्याकाळ मनुबाई त्या घरी जायची, फ्रिजातून डबा काढायची, सुई भरायची आणि डबा परत ठेवायची.

एक दिवस डबा उघडला आणि निवट्यांचा वास आला. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी, कालवण करायला फार गोड. पण औषधाच्या डब्यावर तिचं टोपलं ठेवलं तर गोड राहत नाही.

"कल्पिते, यो औशिदाचा डबा हाय क मच्छीची पाटी?"

"काकी, फ्रिजात जागा किती हाय ती तं बगा. माजी मच्छी मी काय गल्यात बांदू?"

"तुज्या काकाला यी सुई टोचली तं तो उडी मारून चिखलात जाईल!"

"मंग स्वताचा फ्रिज घ्या नं!"

झालं. मनुबाई अंगणात आली, खाडीकडे तोंड केलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी शपथ घेतली. "आजपासना मी हिच्या उंबऱ्याला पाय लावला, क कुंपनावरना हिला हाक मारली, तं जलमात धवला गानार न्हाय!"

ऐकणाऱ्या बायकांच्या हातातली कामं थांबली. मनुबाई रागाच्या भरात देवाची, पोराची, खाडीची, कशाचीही शपथ घ्यायची. पण धवल्याची तिने कधी घेतली नव्हती. ती शपथ मोडता येत नाही. मोडली तर गळा उरतो, पण गाणं उरत नाही, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं, आणि आईला तिच्या आईने.

मग बाटल्या काही दिवस ओल्या वाळूच्या माठात राहिल्या. हर्षद न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. त्याला कळलं, त्याने फोनवर डोकं धरलं आणि टेम्पोत घालून हा फ्रिज पाठवला. भाताची कणगी उचलून तिच्या जागी, दोन भिंतींच्या बेचक्यात, तो ठोकून बसवला. पांढरा, उंच, पाहुण्यासारखा अवघडलेला. आणि त्यालाच आता ताप भरला होता.

मनुबाईने दार उघडून आत हात घातला. आत पौषातली पहाट. दार लावून बाहेर हात लावला. बाहेर इस्तू. इतक्यात फ्रिज घुर्र करून थरथरला. ती मागे सरकली आणि तिच्या तोंडावर ओळख पटल्याचं तेज आलं. खाडीकाठच्या माणसाला हा आजार ओळखायला डॉक्टर लागत नाही.

"आतना गार, वरना तापलेला, नि कापतोय. हिवताप हाय याला!"

"हूं," ओटीवरून आलं.

तिने हर्षदला फोन लावला. तो बंदराच्या गेटवर रांगेत होता. मागून हॉर्न वाजत होते.

"आये, काय झाला?"

"तुज्या फ्रिजाला हिवताप झालाय."

"कोनाला?"

"फ्रिजाला. अंग तापलाय त्याचा."

"आये, तो तसाच असतं. बाहेरना गरम लागतं. नॉर्मल हाय त्या."

"तापलेला मानूस नॉर्मल? तू तापलास तं मी नॉर्मल बोलून झोपू का?"

"आये, तो मानूस न्हाय गो. मशीन हाय. ए, सरक ना पुढे, क्या देख रहा है! आये, गेट उगडला. ठेवतू." फोन कटला.

पोरगं कामावर तापलेलं दिसतंय, असं म्हणून मनुबाईने त्याचा नाद सोडला. आता कारण शोधायचं. कारण तर उघड होतं. फ्रिज टेम्पोतून उतरत होता तेव्हा कल्पिता कुंपणापलीकडे उभी होती, आणि कुणाशी न बोलता, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली होती, "बाई, किती मोठा हाय!" एवढ्यावर माणूस आडवं होतं, फ्रिजाची काय कथा.

मनुबाईने मूठभर खडेमीठ घेतलं, परसातल्या लाल मिरच्या घेतल्या आणि फ्रिजसमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत ओवाळताना तिच्या गळ्यातून आपोआप सूर निघाला:

*मीठ गो खाडीचा, मिरची परसाची,*
*उतर गो उतर नजर शेजारनीची;*
*आल्या पावन्याला कोनी गो पायला,*
*गोरा गो अंगाचा, ताप त्याला आयला.*

मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. म्हणजे दृष्ट भारी होती. ओटीवर धर्माजी मात्र खोकला, पण तो घरात धूर झाला म्हणून.

आता उपाय एकच. हिवताप आला की माणसाला पांघरूण घालायचं, घाम काढायचा. घाम आला की ताप उतरतो. हर्षदचा असाच उतरवला होता आणि धर्माजीचाही, तो उघाडीवर रात्रभर भिजून आला होता तेव्हा. मनुबाईने पेटीतून दोन गोधड्या काढल्या. एक जुनी, एक त्याहून जुनी. डाव्या कुशीवर एक, उजव्या कुशीवर दुसरी, वरून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली. दाराची मूठ तेवढी मोकळी ठेवली, औषध काढायला. बांधताना ती पुटपुटत होती, कुणासाठी पुटपुटत होती हे तिलाही कळत नव्हतं:

*पांगर रं बाला, गोधडी आयची,*
*घामासंगं जाऊंदे पीडा अंगाची.*

आणि आजाऱ्याच्या पोटात काहीतरी गरम पडावं म्हणून भाताचं वाफाळतं टोप तिने उचलून आत ठेवलं.

फ्रिज कण्हू लागला. आधी थांबून थांबून घुरघुरायचा, तो आता थांबेचना. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, त्याचं घुर्र चालूच. गोधडीखाली हात घातला तर हाताची भाकरी झाली असती. "घाम येतोय," मनुबाई समाधानाने म्हणाली. "येऊंदे."

दुसऱ्या दिवशी जेवणं आटपता आटपता आतून "टक्" असा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

मनुबाई पाय न वाजवता फ्रिजजवळ गेली. कान लावला. थरथर नाही, घुरघुर नाही. ती तशीच ओटीवर आली आणि तोंडावर बोट ठेवून धर्माजीला म्हणाली, "हलू बोला. उतरला ताप. झोपलाय."

धर्माजी काही बोलतच नव्हता. तो आणखी हळू झाला.

रस्त्यावरून जाणाऱ्या पाववाल्याने भोंगा वाजवला, तर मनुबाईने त्याला फाटकात गाठून झापलं. "घरात आजारी मानूस झोपलाय, दिसत न्हाय?" पाववाल्याने ओटीवरच्या धर्माजीकडे काळजीने पाहिलं आणि न मागता पाव जास्त दिला.

थोड्या वेळाने तिने पाणी घ्यायला दार उघडलं. बाटली गार लागली नाही. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं तर आंबूस वास. तिने हात घाईने मागे नेला, खालच्या कोपऱ्यात, जिथे औषधाचा स्टीलचा डबा होता. नवीन बाटल्या. न फोडलेल्या. तिने डबा छातीशी धरला.

"अवं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज ओटीपर्यंत पोचता पोचता बारीक झाला. "यो झोपला न्हाय. यो गेला."

पोयनाडहून परेश मोटारसायकलवर आला. फ्रिज, पंखे, मिक्सर, सगळं दुरुस्त करणारा. आत येऊन त्याने गोधड्यांत गुंडाळलेला, कमरेला लुगडं बांधलेला, कपाळी कुंकू लावलेला फ्रिज पाहिला आणि हातातली पिशवी खाली ठेवायला विसरला.

"मावशी, हा फ्रिज आहे की बाळंतीण?"

"हिवताप व्हता त्याला."

"आणि हे कुणी सांगितलं?"

"अंगानं सांगितला त्याच्या. आतना गार, वरना गरम. हात लाव."

परेशने हात लावला नाही. भराभर गोधड्या सोडल्या, त्यांच्यातून ऊन उतरल्यासारखी धग बाहेर आली. त्याने प्लग काढला, फ्रिज बेचक्यातून ओढून बाहेर घेतला, मागे बॅटरी मारून पाहिलं.

"बरं झालं, स्वतःच बंद पडला. नायतर जळला असता."

"मेला न्हाय ना?"

"नाय मेला. चक्कर आलीय. जरा गार झाला की उठेल." परेश घाम पुसत खाली बसला. "मावशी, हा बाहेरून गरम होणारच. व्हायलाच पाहिजे. आत गॅस फिरतो ना, तो कॉम्प्रेसरमधे दाबला जातो, मग कंडेन्सरला येतो, तिकडे…"

"मानसासारका बोल."

परेशने डोकं खाजवलं. त्याला हे काम करता यायचं, सांगता यायचं नाही. "म्हणजे असं बघा. फ्रिज थंडी बनवत नाय. थंडी कुठे बनतच नाय. तो फक्त आतली गरमी उचलतो आणि बाहेर टाकतो."

"बाहेर मंजी कुटं?"

"इथेच. तुमच्या घरात. या बाजूच्या पत्र्यांच्या आत नळ्या आहेत, त्यातून ती बाहेर पडते. तुम्ही दूध ठेवलंत, दुधाची गरमी इथे. पाणी ठेवलंत, पाण्याची गरमी इथे. दार उघडलंत, बाहेरची हवा शिरली, तिची पण इथे. वर मशीन राबते, तिची स्वतःची गरमी असतेच. हात लावून गरम लागलं म्हणजे समजायचं, बिचारा कामावर आहे."

मनुबाई फ्रिजकडे पाहत राहिली. "नि भाताचा टोप ठेवला तं?"

"गरम?"

"वाफेचा."

"मग तर झालंच. आत भाताची आग, बाहेर गोधडी. टाकणार कुठे तो?"

"उघाडीच्या तोंडाला चिखलाचा गाल साचला."

हे कोण बोललं म्हणून दोघांनी मागे पाहिलं. धर्माजी दारात उभा होता. ओटीवरून उठून, स्वतःच्या पायांनी.

"शेतातला पानी खाडीत फेकायचा," तो परेशला म्हणाला. "पन उघाडीचा तोंड गालानं बुजला तं फेकनार कुटं? पानी आतच ऱ्हानार. भात कुजनार."

"बरोबर काका! हेच, हेच सांगत होतो मी," परेश म्हणाला. खरं तर त्याला हे आत्ताच कळलं होतं.

धर्माजी एवढ्यावर थांबेल असं मनुबाईला वाटलं. पण तो थांबला नाही.

"उघाडीच्या बाहेर पानी कवा निवांत नसतं," तो म्हणाला. "आत भात गप उबा असतं. बाहेर नुस्ता फेस, गढूल, खलखल. लोकं बांदावरना जातात, भाताकडं बगतात. बोलतात, काय गार शेत हाय. बाहेर कोन बगतंय."

आश्विनातलं ऊन अंगणात उतरलं होतं. शेतं पिवळी पडायला लागली होती. धर्माजी बोलायचा थांबला आणि मनुबाईकडे पाहू लागला.

"माज्याकडं काय बगतंव?" ती म्हणाली. "मना गाल बोल्लंव?"

"न्हाय," धर्माजी म्हणाला.

परेशने पसारा आवरला. "भिंतीपासून हात-हातभर लांब ठेवा. अंगावर काय टाकू नका, डोक्यावर पण काय ठेवू नका. आता लगेच चालू करू नका, संध्याकाळी करा. पण आत गारवा धरायला उद्या सकाळ उजाडेल." मग त्याची नजर मनुबाईच्या हातातल्या डब्याकडे गेली. त्याने एक बाटली गालाला लावून पाहिली. "अजून गार आहेत. पण या उकाड्यात तशाच ठेवू नका, फुकट जातील. शेजारी कुणाकडे फ्रिज असेल ना, तिथे ठेवा रातच्याला."

एवढं सांगून तो मोटारसायकलवर बसून गेला सुद्धा. आपण काय सांगितलं हे त्याला माहीत नव्हतं.

घर शांत झालं. माठ होता, पण वाळू कधीच सुकली होती आणि माठालाही तडा गेला होता. वाडीत फ्रिज असलेली घरं पुष्कळ होती. ज्या घराशी मनुबाई भांडली नव्हती असं एकच उरलं होतं आणि तिथे फ्रिज नव्हता. आणि भाऊबंदाचं दार सोडून परक्याच्या दारात औषध ठेवायला जायचं, म्हणजे वाडीला वर्षभराचा विषय.

मनुबाईने डोक्यावर पदर घेतला. डबा उचलला. अंगणात आली. कुंपणाच्या फटीशी थांबली. पलीकडे कल्पिताचा उंबरा दिसत होता, शेणाने सारवलेला, दोन्ही बाजूंना रांगोळीचे ठिपके. तुळशीच्या लग्नानंतर वाडीत लग्नं उभी राहणार होती. पहिलं हिरामणच्या नातीचं. तिची आजी कालच सांगून गेली होती, मनुबाय, तू आलीस क मंगच हलद लावायची.

"ग्येला तं ग्येला धवला," मनुबाई स्वतःशी म्हणाली. "मानूस ऱ्हाऊंदे."

तिने पाय उचलला.

"थांब."

धर्माजी मागे उभा होता. त्याने तिच्या हातातला डबा काढून घेतला. दोन्ही हातांनी धरला, उघाडीची फळी धरायचा तसा.

"तुमी? तुमी काय बोलनार?" मनुबाई म्हणाली. "आजवर कोनाच्या दारात ग्येलंव का तुमी?"

"न्हाय ग्येलू," धर्माजी म्हणाला आणि फटीतून पलीकडे गेला.

मनुबाईला काय करावं सुचेना. कुंपणाशी उभं राहिलं तर दिसलं असतं. ती माघारी आली आणि ओटीवर, भिंतीला पाठ टेकून बसली. तिथून दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं.

चपला काढल्याचा आवाज. मग खोकला. मग बराच वेळ काही नाही. धर्माजीला हाक मारायची सवय नव्हती, तो दारात नुसता उभा राहिला असणार. शेवटी आतून भांडं पडलं.

"काका! तुमी? काकी… अगो बाय, काकीला काय झाला?" कल्पिताचा आवाज रडकुंडीला आला. धर्माजी स्वतः दारात आला म्हणजे मनुबाई मेल्याशिवाय आला नसणार, हे तिचं गणित सरळ होतं.

"काय न्हाय झाला तिना," धर्माजी म्हणाला. "फ्रिज चक्कर येऊन पडला. यी औशिदं. रातच्याला ठेव."

मग कल्पिताचा श्वास परत आला आणि श्वासाबरोबर राग. "मंग ती का न्हाय आली? तोंड कुटं गेला तिचा? सगल्या वाडीसमोर माजी निवटी काडली! काका, तुमच्याकडं बगून ठेवते मी. तुमी देवमानूस. तुमच्या जागी दुसरा असता, तं अशा बायकोला…"

"कल्पिते."

मनुबाई ओटीवर ताठ झाली. धर्माजीचा आवाज चढला होता. फार नाही, माणूस लांबच्या होडीला हाक मारतो तितका. पण तिने तो आजवर ऐकला नव्हता.

"मी देवमानूस न्हाय," धर्माजी म्हणाला. "मी गप बसनारा मानूस हाय. शालंत ती गेली, बँकंत ती गेली, डाक्तराशी ती भांडली. मी बसलू गार. तिना ज्या शिव्या घालतंस, त्यातल्या अर्ध्या माज्या हायत. त्या मना दे."



"नि यी निवटी," धर्माजी जोर करून पुढे म्हणाला, "यी निवटी औशिदावर ठेवाची नव्हती. ती… ती तुजी चूक व्हती. जराशी."

जराशी! मनुबाईने पदर दातात धरला. असं भांडतात? या जागी नेमके बसणारे चार शब्द तिच्या जिभेवर तयार होते, नुसते ओटीवरून फेकायचे होते. कल्पिताच्या माहेरापासून सुरुवात करायची, म्हणजे निवटीपर्यंत येताना धार लागते. हा माणूस शेपटीकडून धरतोय. ती अर्धी उठली. मग खाली बसली.

"व्हय, काका," कल्पिता म्हणाली. खूप हळू.

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. आतली भांडी सरकवली जात होती, टोपली बाहेर काढली जात होती. "हितं वर ठेवते, काका. एकटाच डबा. वर काय न्हाय ठेवत." दार लागलं. मग पुन्हा कल्पिता, नाक ओढून, "बसा ना. च्या ठेवते."

"बिनसाकरंचा," धर्माजी म्हणाला आणि पाट सरकवल्याचा आवाज आला. तो बसला.

मनुबाई ओटीवर होती. इतक्या वर्षांत भर दुपारी ती इथे कधी बसली नव्हती. समोर रस्ता होता, रस्त्यापलीकडे बांध, बांधापलीकडे भरतीला लागलेली खाडी. कोणी गेलं-आलं की दिसायचं आणि त्यालाही आपण दिसायचो. आपलं माणूस बाहेर आपल्यासाठी बोलत असताना घरी बसलेल्याने काय करायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. रस्त्याने येसाजीची बायको गवताचा भारा घेऊन गेली. तिने थांबून विचारलं, "मनुबाय, आज हितं?"

मनुबाईने तोंड उघडलं. मग मिटलं.

"हूं," ती म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसून राहिली.